नागपूरजवळच्या गावाचं नाव मिळालेला व्हायरस आणि एक न सुटलेला वाद : तापानंतर लहान पोरांना लकवा का मारतो?

लकवा म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? बीपीच्या गोळ्या वेळेवर न घेणारे आजोबा, नाहीतर पन्नाशीतला, दिवसाला दोन पाकिटं ओढणारा माणूस. खेड्यात त्याला अंगावरून वारं गेलं म्हणतात, डॉक्टर पक्षाघात म्हणतात आणि बातम्यांमध्ये त्याला ब्रेन स्ट्रोक म्हणतात. शब्द कुठलाही वापरा, डोळ्यांसमोर येणारं माणूस वयस्कच असतं.

त्यामुळे तीन वर्षांचं पोर सकाळी उठलं आणि त्याचा एक हात लुळा पडलेला दिसला, तर घरातल्या कुणाच्याच डोक्यात स्ट्रोक हा शब्द येत नाही. रात्री हातावर झोपलं असेल, पडलं असेल, अशक्तपणा असेल, कुणाची दृष्ट लागली असेल, असं सगळं म्हणून होतं. स्ट्रोक मात्र कुणीच म्हणत नाही.

पण लहान मुलांनाही स्ट्रोक येतो. आणि त्यातल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत मागचे काही दिवस किंवा काही महिने चाळले, की तिथे एखादा साधा वाटणारा व्हायरस सापडतो. भारतात या विषयावरचा सगळ्यात गाजलेला वाद ज्या व्हायरसमुळे झाला, त्याला नाव मिळालंय आपल्या विदर्भातल्या एका गावाचं.

चांदीपुरा

साल होतं १९६५. नागपूर आणि आसपासच्या भागात तापाची मोठी साथ आली होती. चिकनगुनिया आणि डेंग्यूचे पेशंट सापडत होते. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे शास्त्रज्ञ रक्ताचे नमुने गोळा करत होते. हे सेंटर १९५२ साली सुरू झालेलं, आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशननं मिळून काढलेलं. १९७८ पासून आपण त्याला एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. कोरोनाच्या काळात ज्या पुण्याच्या लॅबचं नाव रोज टीव्हीवर यायचं, तीच ही.

या नमुन्यांमध्ये तापाच्या दोन पेशंटचं रक्त असं निघालं, की त्यातला व्हायरस ना डेंग्यूचा होता, ना चिकनगुनियाचा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तो टाकला की त्या पेशी भराभर मरायच्या. प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज या दोन शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला आणि व्हायरसला गावाचं नाव दिलं, चांदीपुरा. रेबीजचा व्हायरस ज्या कुळातला, त्याच कुळातला हाही.

पुढे १९७० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या वाळूमाश्यांमध्ये तो सापडल्याची नोंद झाली आणि तो पसरवतं कोण याचा अंदाज आला. वाळूमाशी म्हणजे सँडफ्लाय. डासाच्या साधारण एक तृतीयांश आकाराची असते, गुणगुणत नाही, फार उंच उडत नाही आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत येते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठा, ओलसर कोपरे ही तिची राहायची जागा.

यानंतर बरीच वर्षं चांदीपुरा हा व्हायरस कागदावरच राहिला. अधूनमधून कुठेतरी सापडायचा. त्यानं माणसं मरतात असं फारसं कुणी मानत नव्हतं.

२००३ चा उन्हाळा

मग २००३ साल उजाडलं. जून ते ऑगस्टच्या दरम्यान तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, प्रामुख्यानं आज तेलंगणात असलेल्या जिल्ह्यांमध्ये, लहान मुलं पटापट आजारी पडायला लागली. वय नऊ महिने ते चौदा वर्षं. सकाळी ताप, दुपारी उलट्या, संध्याकाळी झटके, रात्री बेशुद्ध. अनेक मुलं दवाखान्यात पोहोचल्यापासून एक-दोन दिवसांत गेली. एकूण ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ दगावली, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्याच वर्षी महाराष्ट्रातही अशा केसेस झाल्या.

नमुने पुण्याला एनआयव्हीत आले. आधी संशय जपानी मेंदूज्वरावर होता, पण निघाला चांदीपुरा. काही मुलांच्या नमुन्यांमधून जिवंत व्हायरस वाढवता आला, काहींच्या रक्तात त्याचा जनुकीय अंश मिळाला आणि एका दगावलेल्या मुलाच्या मेंदूतही त्याच्या खुणा सापडल्या. २००४ मध्ये हे सगळं लॅन्सेट या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलं. आजाराचं नाव ठरलं चांदीपुरा एन्सेफलायटिस, म्हणजे चांदीपुरा व्हायरसनं आलेली मेंदूची सूज.

इथंच विषय संपायला हवा होता. पण ज्या डॉक्टरांनी ही मुलं प्रत्यक्ष खाटेवर बघितली होती, त्यातल्या काहींना हे पटत नव्हतं.

सूज की स्ट्रोक?

आंध्रातल्या बालरोगतज्ज्ञांच्या एका गटानं २००४ मध्येच एक वेगळं नाव पुढे केलं, एपिडेमिक ब्रेन अटॅक. साध्या भाषेत, साथीनं आलेला मेंदूचा झटका. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची नळी बंद होते, तसं इथे मेंदूची रक्तवाहिनी आक्रसते किंवा बंद होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा मुद्दा समजायला एक फरक लक्षात घ्यावा लागतो. व्हायरस मेंदूत शिरून सूज आणतो, तेव्हा सहसा अख्खा मेंदू त्रासात असतो. शरीर त्याच्याशी लढायला पांढऱ्या पेशी पाठवतं आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात त्या दिसतात. स्ट्रोकचं तसं नसतं. मेंदूतल्या एका ठरावीक रक्तवाहिनीचा रस्ता बंद होतो आणि तिच्यावर अवलंबून असलेला तेवढाच भाग उपाशी पडतो. म्हणून शरीराची एकच बाजू लुळी पडते, तोंड एका बाजूला वाकडं होतं, बोलणं जातं.

या डॉक्टरांना आपल्या पेशंटमध्ये दुसरं चित्र दिसत होतं. सुरुवात अगदी अचानक. बऱ्याच मुलांची एक बाजू लुळी. मणक्याच्या पाण्यात अपेक्षेइतक्या पेशी नाहीत. सीटी स्कॅनमध्ये खराब झालेला भाग मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीच्या हद्दीत. आणि इतक्या वेगानं मृत्यू की सूज यायला पुरेसा वेळच मिळाला नसावा, असं वाटावं.

वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणूतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी २०१० मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये या व्हायरसवर संपादकीय लिहिलं. आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, असं त्याचं शीर्षकच होतं. एखाद्या व्हायरसचा शोध लागून पंचेचाळीस वर्षं झाल्यावर अशा शीर्षकाचा लेख लिहावा लागतो, यातच बरंच काही आलं.

दुसऱ्या बाजूचे पुरावेही कच्चे नाहीत. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे उंदरांवर झालेल्या प्रयोगांत चांदीपुरा व्हायरस थेट मेंदूच्या पेशींमध्ये वाढतो आणि त्या पेशींना मरायला लावतो, असं दिसलं. म्हणजे व्हायरस मेंदूत जातच नाही, असं म्हणायची सोय राहिली नाही. पण उंदरात जे होतं तेच पोरांमध्ये होतं आणि तेवढंच होतं, हेही त्यावरून सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. व्हायरस पेशीही मारतो आणि रक्तवाहिन्याही बिघडवतो, असं असेल तर दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर ठरतात.

वाचणाऱ्याला वाटेल, नावात काय आहे? पोर वाचलं म्हणजे झालं. पण नावावर तपास ठरतो. सरकारी नोंदीत अशी सगळी मुलं अ‍ॅक्युट एन्सेफलायटिस सिंड्रोम या नावाखाली जातात. ते एका आजाराचं नाव नाही, ते एक गाठोडं आहे. ताप, झटके आणि शुद्ध हरपणं असलेली मुलं त्यात बांधली जातात. गाठोडं सोडून आतल्या प्रत्येक मुलाच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढला गेला असता, तर हा वाद कदाचित वीस वर्षं चालला नसता. पण जिल्ह्याच्या दवाखान्यात मध्यरात्री आलेल्या, झटके थांबत नसलेल्या मुलाचा एमआरआय काढायचा कुठे?

या काळात व्हायरस काही थांबला नाही. २००४ मध्ये गुजरात. २००७ मध्ये पुन्हा आपला नागपूर विभाग. त्या साथीत ७८ मुलांची नोंद झाली आणि दर शंभरातली जवळपास ४४ दगावली. पुढेही विदर्भात तो सापडत राहिला. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये पुन्हा उद्रेक झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वरासारखी लक्षणं असलेल्या २४५ केसेस झाल्या, ८२ मृत्यू झाले आणि त्यातल्या ६४ जणांना चांदीपुराच झाल्याचं नक्की झालं. त्यातले ६१ गुजरातचे आणि ३ राजस्थानचे. वीस वर्षांतला हा सगळ्यात मोठा उद्रेक होता. लस अजून नाही. खास औषधही नाही. झटके थांबवा, मेंदूचा दाब उतरवा, श्वास चालू ठेवा, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं.

कांजिण्यांचं काय?

चांदीपुराबद्दल वाद आहे. पण एका व्हायरसबद्दल जगभरातले डॉक्टर बऱ्यापैकी एकमतानं बोलतात आणि तो आपल्या प्रत्येक गल्लीत असतो. कांजिण्या.

आपल्याकडे कांजिण्यांचं फार मनावर घेत नाहीत. पोराला आठवडाभर घरी बसवायचं, कडुनिंबाचा पाला अंथरायचा, आठ-दहा दिवसांनी आंघोळ घालायची, झालं. आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत खरंच तेवढ्यावर भागतं.

पण अंगावरच्या खपल्या पडल्या तरी व्हायरस शरीर सोडून जात नाही. तो नसांच्या गाठींमध्ये लपून बसतो आणि आयुष्यभर तिथेच राहतो. म्हातारपणी तो बाहेर येतो तेव्हा त्याला आपण नागीण म्हणतो. यातली एक गाठ चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या नसेची असते. तिचे बारीक तंतू कातडीकडे जातात तसेच मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीपर्यंतही जातात. व्हायरस या तंतूंवरून उलटा प्रवास करून रक्तवाहिनीच्या भिंतीत उतरला, की भिंत सुजते. भिंत सुजली की नळी आतून अरुंद होते. अरुंद नळीत रक्ताची गुठळी धरते आणि पलीकडचा मेंदूचा तुकडा मरतो.

गंमत म्हणजे, खरं तर गंमत कसली, हे कांजिण्या चालू असताना होत नाही. बऱ्याचदा काही आठवडे किंवा काही महिने उलटल्यावर होतं. तोवर पोर शाळेत जायला लागलेलं असतं. डाग फिकट झालेले असतात. घरच्यांना आठवत नाही आणि डॉक्टर विचारायला विसरले, तर दोन गोष्टींचा संबंध लागतच नाही.

कॅनडातल्या टोरांटोमध्ये २००१ साली छापलेल्या अभ्यासात स्ट्रोक आलेल्या लहान मुलांपैकी ३१ टक्के मुलांना आधीच्या वर्षभरात कांजिण्या येऊन गेल्या होत्या. निरोगी मुलांमध्ये हेच प्रमाण ९ टक्के होतं. ब्रिटनमध्ये २०१४ च्या अभ्यासात त्याच मुलांच्या आयुष्यातल्या वेगवेगळ्या काळांची तुलना केली गेली. कांजिण्यांनंतरच्या सहा महिन्यांत मुलांमध्ये स्ट्रोकचा धोका साधारण चौपट निघाला.

आता घाबरून हा लेख फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी हिशेब नीट बघा. चौपट हा शब्द मोठा वाटतो, पण मुळातला आकडाच बारीक आहे. लहान मुलांमध्ये गुठळीमुळे येणारा स्ट्रोक वर्षाला लाखात एक-दोन मुलांना होतो. टोरांटोच्या डॉक्टरांच्या अंदाजानं कांजिण्या झालेल्या साधारण १५ हजार मुलांमागे एकाला स्ट्रोक येतो. म्हणजे तुमच्या पोराला कांजिण्या आल्या तर त्याला लकवा मारेल, असा याचा अर्थ अजिबात नाही. पण कांजिण्या येऊन गेलेल्या मुलाचा हात अचानक लुळा पडला, तर ते अंगावर काढायचं नाही आणि डॉक्टरांना कांजिण्यांचं आपणहून सांगायचं, असा मात्र आहे.

साधी सर्दीसुद्धा?

याचं उत्तर शोधायला एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला, व्हिप्स या नावानं ओळखला जाणारा. स्ट्रोक आलेली ३५५ मुलं एका बाजूला आणि स्ट्रोक न आलेली ३५४ मुलं दुसऱ्या बाजूला. मागच्या आठवड्यात काही इन्फेक्शन झालं होतं का, असं सगळ्यांच्या घरी विचारलं. स्ट्रोकवाल्या मुलांत १८ टक्के घरांनी हो म्हटलं, दुसऱ्या बाजूला फक्त ३ टक्के घरांनी. बहुतेक इन्फेक्शन साधीच होती, सर्दी-खोकल्याच्या जातीची. हा धोका काही दिवसच टिकतो आणि मग ओसरतो, असंही दिसलं.

२०१५ मध्ये आलेल्या या निष्कर्षांत एक गोष्ट लसींबद्दल होती आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर कधी फिरताना दिसत नाही. ज्या मुलांच्या ठरलेल्या लसी पूर्ण झाल्या नव्हत्या, त्यांच्यात स्ट्रोकचा धोका लसी पूर्ण झालेल्या मुलांपेक्षा सात पटींच्या आसपास जास्त निघाला. लसीनं लकवा मारतो असं सांगणाऱ्या फॉरवर्डच्या बरोबर उलट. याच मुलांपैकी काहींचं रक्त तपासलं, तेव्हा ४५ टक्के स्ट्रोकवाल्या मुलांत नागीण-कांजिण्यांच्या कुळातल्या व्हायरसचं ताजं इन्फेक्शन झाल्याच्या खुणा होत्या आणि तुलनेच्या मुलांत १४ टक्क्यांत. विशेष म्हणजे त्यातल्या बहुतेक मुलांना वरून काहीच लक्षण दिसलं नव्हतं.

मग सर्दी तर सगळ्यांनाच होते, स्ट्रोक एखाद्यालाच का? एकटा व्हायरस सहसा पुरत नाही. इन्फेक्शनमध्ये शरीर रक्त घट्ट करणारी यंत्रणा चालू करतं, उलटी-जुलाबानं पाणी कमी होतं, ताप असतो. त्यात मुलाच्या अंगात आधीच काही कमी-जास्त असलं तर भर पडते. हृदयात जन्मतः दोष. सिकलसेल, जो विदर्भात आणि आपल्या ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यातही आहे. आणि एक कारण तर घराघरात आहे, लोह कमी असल्यानं आलेला रक्तक्षय. टोरांटोच्याच एका अभ्यासात बाकी सगळं ठीक असलेल्या पण असा रक्तक्षय असलेल्या लहान मुलांमध्ये स्ट्रोकची शक्यता दहापट आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. अंगणवाडीत मिळणाऱ्या लोहाच्या औषधाची बाटली कपाटावर धूळ खात पडलेली असेल, तर हे वाक्य पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही.

अर्थात प्रत्येक लकव्यामागे व्हायरस नसतो. भारतात क्षयाच्या जंतूनं मेंदूच्या आवरणाला सूज येते आणि त्यातूनही मुलांना स्ट्रोक येतो, तो जंतू व्हायरस नव्हे. आणि सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांमध्ये पलंगावरून पडण्यासारख्या किरकोळ मारानंतर एक बाजू लुळी पडते, असा एक प्रकार भारतीय डॉक्टरांनी बारकाईनं नोंदवला आहे. त्या बाळांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलेलं असतं. तेव्हा पडलं होतं म्हणून हात दुखत असेल, ही समजूतही दरवेळी बिनधोक नसते.

जांभूळहून रात्री दोन वाजता

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं जांभूळ गाव. मुंबई-ठाण्याकडच्या लोकांनी हे नाव ऐकलेलं असतं ते पाणीकपातीच्या बातमीत, कारण बारवी धरणाचं पाणी शुद्ध करणारं एमआयडीसीचं केंद्र तिथे आहे. शहर हाकेच्या अंतरावर, तरी गाव ते गावच. समजा अशा गावात रात्री दोन वाजता आईला दिसलं, की पोराच्या तोंडाची एक बाजू ओघळली आहे.

पहिली अडचण, हे ओळखायचं कसं. मोठा माणूस सांगतो, हात बधिर झालाय. तीन वर्षांचं पोर सांगत नाही. ते फक्त रडतं. लहान मुलांत तर स्ट्रोकची सुरुवात बरेचदा झटक्यांनीच होते आणि सगळे त्याला तापाचे झटके समजतात. झटक्यानंतर काही वेळ एक बाजू ढिली पडणं हे निव्वळ झटक्यामुळेही होतं आणि आपोआप सुधारतं. नुसतं तोंड वाकडं होणं हे चेहऱ्याच्या नसेच्या आजारातही होतं. म्हणजे घरी बसून फरक कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. एक बाजूचा हात-पाय अचानक हलेनासा झाला, तोंड वाकडं झालं, चालणारं पोर एका बाजूला पडायला लागलं, बोलणारं पोर बोलेनासं झालं, झटका थांबला तरी शुद्ध आली नाही, यातलं काहीही दिसलं की निघायचं.

उद्या सकाळी बघू, हे वाक्य इथे सगळ्यात महाग पडतं. टोरांटोसारख्या शहरातही लहान मुलांच्या स्ट्रोकचं निदान व्हायला लक्षणं सुरू झाल्यापासून सरासरी जवळपास एक दिवस लागत होता, असं तिथल्याच डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. आपल्याकडे त्यात आणखी मुक्काम असतात. आधी मालिशवाला, मग अंगारा, मग लकव्यावर गावठी औषध देणारा कुणीतरी, ज्याचा पत्ता प्रत्येक तालुक्यात सगळ्यांना पाठ असतो. मालिशनं हात हलायला लागला अशा गोष्टी खोट्या असतातच असं नाही. लहान मेंदू स्वतःहूनही बराच सावरतो आणि श्रेय मालिशवाल्याला मिळतं. पण तोवर ज्या रक्तवाहिनीमुळे पहिला स्ट्रोक आला ती तशीच सुजलेली असते आणि दुसरा येऊ शकतो.

म्हणून फोन १०८ ला. ही रुग्णवाहिका राज्यभर फुकट आहे. मुलाला एका कुशीवर झोपवायचं, तोंडात पाणी, औषध, चमचा, कांदा काहीही घालायचं नाही, कारण गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. जवळचं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय. तिथून गरज पडली तर पुढे मुंबई, जिथे परळला १९२९ पासून फक्त मुलांसाठी चालवलं जाणारं वाडिया रुग्णालय आहे. सीटी स्कॅन आणि मुलांचा आयसीयू त्या रात्री कुठे चालू आहे, हे वाटेतच फोन करून विचारलेलं बरं.

आणि डॉक्टरांसमोर तीन गोष्टी न विचारता सांगायच्या. शेवटचं पोर नीट कधी दिसलं ती वेळ. गेल्या वर्षभरात कांजिण्या आल्या होत्या का, अंगावर नसल्या तरी. आणि गेल्या आठवड्यात ताप, सर्दी, जुलाब, पडणं, काय काय झालं ते.

कारण रक्तवाहिनीची भिंत सुजल्याचं दिसलं तर उपचार बदलतात. गुठळी होऊ नये म्हणून कमी मात्रेत अ‍ॅस्पिरिन, कांजिण्यांच्या व्हायरसचा संशय असेल तर त्यावरचं औषध, काही ठिकाणी स्टिरॉइड. यातलं काहीही घरी द्यायचं नसतं. विशेषतः अ‍ॅस्पिरिन. कांजिण्या किंवा फ्लू चालू असताना मुलाला तापासाठी ही गोळी दिली, तर यकृत आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. तापाला पॅरासिटामॉल पुरतं.

लस आहे, पण सरकारी यादीत नाही

कांजिण्यांची लस भारतात मिळते. बालरोगतज्ज्ञांची संघटना ती पंधराव्या महिन्यापासून दोन डोसमध्ये द्यायला सांगते. पण सरकारच्या फुकटच्या लसीकरणात ती नाही, खासगी दवाखान्यात पैसे मोजून घ्यावी लागते. गोवर-रुबेला सरकारी यादीत आहे, नवव्या महिन्यात एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस. ज्या घरात कांजिण्यांच्या दोन डोसचा खर्च परवडत नाही त्याच घरात रक्तक्षयही जास्त आणि शहरातला दवाखानाही लांब, हे सरकारी यादी ठरवणाऱ्यांना माहीत नसेल असं वाटत नाही.

चांदीपुरासाठी घरचा उपाय वाळूमाशीशी संबंधित आहे. भिंतींच्या भेगा लिंपून घ्यायच्या, गोठा झोपायच्या जागेपासून दूर ठेवायचा, पावसाळ्यात मुलांना जमिनीवर उघड्यानं झोपवायचं नाही, बारीक जाळीची आणि औषध लावलेली मच्छरदाणी वापरायची. साथ आली की आरोग्य खातं भेगांमध्ये फवारणी करतं. फवारणीवाल्यांना आतल्या खोलीत येऊ न देणारी घरं प्रत्येक गावात असतात आणि माशी नेमकी आतल्याच खोलीत असते.

त्यानंतर

स्ट्रोकमधून वाचलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना काही ना काही राहून जातं. कुणाचा हात कमजोर राहतो, कुणाला फिट येतात, कुणाला शाळेत गणित जड जातं आणि ते आळशीपणाच्या खात्यावर लिहिलं जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलं तपासतात आणि गरज असलेल्यांना जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, तिथे व्यायाम आणि वाचा उपचार मोफत मिळतात.

या व्यायामातला एक प्रकार बघायला फार कठोर वाटतो. पोराचा चांगला हात दिवसातले काही तास पिशवीत किंवा मोज्यात बांधून ठेवतात, म्हणजे त्याला कमजोर हातानंच बिस्किट उचलावं लागतं, बटण लावावं लागतं, खेळणं ओढावं लागतं. पहिले काही दिवस ते चिडतं, रडतं, बिस्किट खाली पडतं. आजीला बघवत नाही आणि ती गुपचूप पिशवी सोडते. मग फिजिओथेरपीवाले पोराआधी आजीला समजावून सांगतात, की मेंदूतला जो भाग वाचलाय त्याला ते काम नव्यानं शिकायला याच रडारडीतून भाग पाडलं जातं. तीन-चार आठवड्यांनी बिस्किट तोंडापर्यंत जायला लागतं.